झेंडूच्या माळेआडचा गंज

महाभारताच्या विराटपर्वात एक लहानसा तपशील आहे. कथा सांगताना तो बहुधा निसटून जातो. अज्ञातवासाचे वर्ष काढण्यासाठी विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली धनुष्ये, खड्गे आणि बाण नगराबाहेरच्या स्मशानाजवळील एका विशाल शमीवृक्षावर ठेवले, हे सर्वांना ठाऊक आहे. ती ठेवण्याचे काम नकुलाकडे आले. त्याने कोणत्या फांद्या निवडल्या? ज्या मोडणार नाहीत आणि जेथे पावसाचे पाणी पोहोचणार नाही, त्या. शत्रूची नजर जेवढी टाळायची, तेवढाच पाऊसही टाळायचा, हे त्या क्षत्रियपुत्राला कळत होते. म्हणूनच वर्ष सरल्यावर अर्जुनाच्या सांगण्यावरून राजपुत्र उत्तर झाडावर चढला, त्याने ती आयुधे खाली उतरविली आणि त्यांवरील वेष्टन सोडले, तेव्हा त्यांच्या तेजाने तो दिपून गेला.

खंडेनवमीच्या आणि विजयादशमीच्या आयुधपूजेचे मर्म या तपशिलात आहे. पूर्वी पावसाळ्याचे चार महिने शस्त्रे घरात निजून असत. आश्विनात आकाश निवळले, नद्यांना उतार पडला, की सीमोल्लंघनाची तयारी सुरू होई. त्यापूर्वी तलवार म्यानातून काढावी, पात्यावर कोठे तांबूस डाग पडला आहे काय ते पाहावे, तो घासून काढावा, तेलाचा हात फिरवावा आणि मगच तिला गंधफूल वाहावे, असा क्रम असे. गंधफुलाआधी ही तपासणी होई. ज्या पात्यावर उद्या प्राण सोपवायचा, त्याची आज खात्री करून घेण्याचा तो दिवस होता.

आज तलवारी देवघरात किंवा वस्तुसंग्रहालयात गेल्या आणि त्यांच्या जागी वाहने आली. रेवस-मांडव्यापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, थेट हरिहरेश्वरापर्यंतच्या रायगडच्या किनारपट्टीवर दसऱ्याच्या सकाळी फेरफटका मारला, तर घरोघरी हेच दृश्य दिसते. अंगणात मोटार उभी आहे, बादलीभर पाण्याने ती धुतली जात आहे, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटले आहे, आरशांना आंब्याचे डहाळे आणि पुढच्या जाळीला झेंडूची माळ बांधली आहे. मिनिडोर, टेम्पो, रिक्षा, मासळीचे पिकअप, एस. टी. ची गाडी, कोणीही या सोहळ्यातून सुटत नाही. दृश्य मनोहर आहे, त्यामागची कृतज्ञताही खरी आहे. मात्र या पूजेत हात फिरतो तो गाडीच्या वरच्या अंगावरून. आणि किनाऱ्यावरच्या गाडीचा वैरी वरच्या अंगावर राहत नाही. तो दाराच्या पोटात, पायाखालच्या सतरंजीच्या तळाशी, चाकाच्या कमानीत आणि तळातल्या पोकळ पेट्यांत घर करतो. तो वैरी म्हणजे गंज. दसऱ्याच्या पूजेत या लपलेल्या गंजाची पाहणी पुन्हा समाविष्ट झाली, तर ती परंपरेत घातलेली नवी भर ठरणार नाही. परंपरेचे विसरलेले अर्धे अंग तिला परत मिळेल.

किनाऱ्याची हवा आणि लोखंडाचे वैर

लोखंड मूळचे मातीतले. खाणीतील तांबूस दगड भट्टीत घालून, त्यातील प्राणवायू बळाने काढून आपण त्याचे पोलाद करतो. आणि संधी मिळताच ते प्राणवायूशी पुन्हा हातमिळवणी करून तांबूस माती होऊ पाहते. त्यासाठी त्याला पाणी लागते, आणि या व्यवहाराला वेग येतो तो मिठाने. शुद्ध पाण्यातून विद्युतप्रवाह कष्टाने वाहतो, खाऱ्या पाण्यातून सहज. आणि गंजणे ही मुळात सूक्ष्म विद्युतप्रवाहाचीच क्रिया आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत. जिल्ह्यातील पावसाचे सरासरी मान वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. पावसाळ्यातील हवेची आर्द्रता सहसा ८० टक्क्यांच्या वर. लाटा फुटताना उडणारे खारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि घराच्या गजांपासून मोटारीच्या तळापर्यंत सर्वत्र बसतात. त्यातही एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. साधे मीठ हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता झाली की आपणहून पाणी शोषून विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओले होते ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचेही क्षार असतात आणि ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओल धरतात. म्हणजे पाऊस थांबला, ऊन पडले, गाडी वरून कोरडी दिसली, तरी तिच्या सांधीकोपऱ्यांतील खारट थर ओलाच राहतो. देशावर जी गाडी दोन तासांत सुकते, ती येथे तळातून दोन दोन दिवस सुकत नाही.

याला गेल्या काही दशकांत आणखी दोन सवयींची जोड मिळाली आहे. पहिली सवय म्हणजे पुळणीवर गाडी घालणे. नागाव, काशीद, मुरूडच्या ओल्या वाळूवर हौसेने गाडी फिरविली जाते, क्वचित भरतीच्या पाण्यात अडकते. परत आल्यावर वरची वाळू झटकली की काम झाले असे वाटते. दुसरी सवय मुंबईकरांच्या सुटीतल्या बंगल्यांची. नारळ-पोफळीच्या वाडीत, दाट सावलीत, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली गाडी महिनोन् महिने उभी असते. ते आच्छादन जितका पाऊस बाहेर ठेवते, त्याहून अधिक ओल आत कोंडते. चालत्या गाडीच्या अंगाला वारा तरी लागतो. निजलेल्या गाडीचा गंज मात्र निजत नाही.

तो लपतो का?

गंज लपून का वाढतो, याचे उत्तर विज्ञानाने दिले आहे आणि ते काहीसे चमत्कारिक आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात एक साधा प्रयोग केला. पोलादाच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पोहोचतो. सामान्य तर्काने जेथे प्राणवायू अधिक, तेथे गंज अधिक असे वाटेल. घडले उलटे. पत्रा झिजला तो मध्यभागी, प्राणवायू कमी असलेल्या जागी. आणि तांबडा गंज साचला तो मध्य आणि कड यांच्यामध्ये, वर्तुळाकार.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. जेथे हवा खेळत नाही तेथेच लोखंड अधिक खाल्ले जाते. चिखलाच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या जोडात, रबरी पट्टीच्या आत. आणि जेथे तांबडा रंग दिसतो, नेमके तेथेच लोखंड गेले आहे असे नसते. डोळ्याला दिसणारा डाग हा बहुधा निरोप्या असतो. ज्याचा निरोप तो आणतो ते दुखणे चार बोटे आत असते.

मोटारीची घडण या वैऱ्याला सोयीची आहे. जुनी जीप पाहा. तिला खाली लोखंडी चासी असते आणि वर वेगळा सांगाडा बसविलेला असतो. पत्रा सडला तरी भार चासी वाहते. परंतु आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मध्यमवर्गाची गाडी ठरली ती फियाट, म्हणजेच पुढची प्रीमिअर पद्मिनी, तशी नव्हती. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून ती बाहेर पडत असे. १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले, या शतकाच्या आरंभाला तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. या गाडीला निराळी चासी नाही. दाबून घडविलेले पातळ पत्रे एकमेकांना ठिकठिकाणी वितळजोड देऊन त्यांच्या पोकळ पेट्या केलेल्या आणि त्या पेट्यांनीच सगळा भार पेललेला. मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक मोटारींची घडण याच तत्त्वावर आहे. पत्र्याची जाडी जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर. अशा गाडीत दारांखालची लांबट पोकळ पट्टी, जिला मिस्त्री 'सिल' म्हणतात, ती शोभेची नसते. घरातील तुळईचे काम ती करते. ती आतून पोखरली, तर तुळई पोखरलेले घर आणि ती गाडी यांत भेद राहत नाही.

या पेट्यांत पाणी शिरणार हे कारखानदाराला ठाऊक असते. म्हणून दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी निथळण्याची लहान भोके ठेवलेली असतात. ही भोके तांबड्या मातीने, सुरूच्या काड्यांनी, आंब्याच्या सडलेल्या पानांनी बुजतात, तेव्हा दाराचे तळे होते. काचेवरून ओघळलेले पाणी त्यात साचते आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते. त्यामुळे तो रंगाला आतून ढकलतो आणि बाहेर एक बारीक फोड दिसतो. मालक म्हणतो, रंग फुगला. वस्तुतः त्या दिवशी गंज पत्रा पार करून बाहेर आलेला असतो.

लपलेल्या गंजाचे सामर्थ्य केवढे असते, याचे कोकणपट्टीने पाहिलेले उदाहरण गोव्याचे आहे. पणजीजवळ मांडवी नदीवरचा नेहरू पूल बांधून जेमतेम दीड दशक झाले होते. ५ जुलै १९८६ रोजी, भर पावसाळ्यात, तो कोसळला. वरून काँक्रीट भक्कम दिसत होते. त्याच्या पोटातील ताणून बसविलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. पुलाची गोष्ट मोठी आणि मोटारीची लहान, एवढाच काय तो फरक. खारी हवा, कोंडलेली ओल आणि झाकलेले पोलाद ही सामग्री दोन्हीकडे तीच.

पाहणी कशी करावी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाडी धुऊन पूर्ण सुकली की तासाभराचा वेळ काढावा. महागडी उपकरणे लागत नाहीत. एक विजेरी, एक हातआरसा, एक जुना पेचकस, एक लोहचुंबक आणि आपली पाच ज्ञानेंद्रिये पुरतात.

प्रथम डोळा. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानींचे काठ, पुढच्या आणि मागच्या काचेभोवतीची रबरी पट्टी, छताच्या कडेची पन्हळ आणि पुढच्या दिव्यांच्या मागची बाजू पाहावी. रंगावर मुंगीच्या डोक्याएवढे फोड, जोडातून उतरलेला चहाच्या रंगाचा ओघळ, पट्टीखालून डोकावणारी तांबूस रेघ, ही सारी चिन्हे आहेत. बॉनेट उघडून बॅटरीचे ताट पाहावे. आम्लाच्या थेंबांनी ते सर्वांत आधी जाते. काचेच्या पायथ्याशी, जेथून वारा आत घेतला जातो, तेथे साचलेली पाने काढावीत. डिकीतील स्टेपनी उचलावी. तिच्याखालच्या खळग्यात पाणी उभे असेल, तर ते कोठून आले याचा शोध घेतल्याशिवाय पूजा पुरी झाली असे समजू नये.

नंतर नाक. गाडी दोन दिवस बंद ठेवून दार उघडावे. कुबट, दमट वास आला तर पायाखालची सतरंजी ओली आहे असे समजावे. ती सतरंजी आणि तिच्याखालचा नमद्याचा थर उचलून तळहात टेकवावा. वरून कोरडा लागणारा नमदा तळाशी ओला निघतो, आणि त्याखालच्या पत्र्यावर गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. ही पाहणी बहुतेक मालक गाडीच्या साऱ्या आयुष्यात एकदाही करीत नाहीत.

मग कान. पेचकसाच्या मुठीने सिलवर, तळाच्या पेट्यांवर, चाकाच्या कमानीच्या आत हलकेच टकटक करीत जावे. निरोगी पत्रा टणक, मोकळा नाद देतो. पोखरलेला पत्रा, किंवा आत मातीगंज भरलेली पेटी, बद्द आवाज करते. नारळ वाजवून पाहणाऱ्या कोकणी माणसाला हा भेद कोणी शिकवायला नको. संशय आला तेथे अंगठ्याने जोर द्यावा. पत्रा दबला, करकरला, तर तेथे पत्रा नसून रंगाचा पापुद्रा उरला आहे.

शेवटी चुंबक. जुन्या गाडीची खरेदी करताना तर हा हवाच. सडलेल्या जागी मसाला भरून वर गुळगुळीत रंग देण्याची कला आपल्याकडे पुरातन आहे. रंगारी त्या मसाल्याला लांबी किंवा पुट्टी म्हणतात. लहानसे चुंबक तलम फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते घट्ट धरते तेथे लोखंड. जेथे सैल पडते किंवा गळून पडते तेथे लांबी. बंपर आणि काही गाड्यांचे मडगार्ड प्लॅस्टिकचेच असतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. अलिबागकरांना चुंबकाची महती निराळी सांगायला नको. विजेच्या ट्रॅममुळे मुंबईतील चुंबकीय नोंदींत व्यत्यय येणार हे ओळखून कुलाब्याची वेधशाळा १९०४ साली ज्या गावी हलविली गेली, ते हे गाव. आणि लोखंडाने सुईला भुलवू नये म्हणून त्या वेधशाळेची वास्तूच अचुंबकीय साहित्याने उभारली आहे. तेथे लोखंड नसल्याची खात्री करावी लागली. आपल्याला गाडीत ते अजून असल्याची करायची आहे.

गाडीखाली मात्र स्वतः शिरू नये. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे केव्हाही धोक्याचे, आणि जॅक टेकण्याची जागाच गंजलेली असली तर ते प्राणघातक ठरू शकते. तळाची पाहणी सर्व्हिसिंग स्टेशनच्या उचलयंत्रावर किंवा खड्ड्यावर मिस्त्रीकडून करवून घ्यावी, आणि स्वतः शेजारी उभे राहावे. पोकळ पेट्यांच्या आत पाहण्यासाठी आता मोबाइलला जोडता येणारे, बोरूएवढ्या जाडीचे छोटे कॅमेरे अल्प किमतीत मिळतात. निथळभोकातून ते आत सोडले की एरवी कधीच न दिसणारा भाग पडद्यावर दिसतो.

कोणता गंज क्षम्य, कोणता नाही

सर्वच गंज सारखा नसतो. बॉनेटच्या कडेचा किंवा डिकीच्या झाकणाचा गंज डोळ्याला खुपतो, खिशालाही चाट लावतो. पण त्याने कोणाचा जीव जात नाही. चार जागांचा गंज मात्र एक दिवसही सहन करू नये.

पहिली जागा ब्रेकच्या नळ्या. तळातून चाकांकडे जाणाऱ्या या बारीक पोलादी नळ्यांतून पायाचा दाब द्रवरूपाने चाकांपर्यंत पोहोचतो. बाहेरून त्यांवर मीठ आणि चिखल बसतो. आत ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे असे सांगतात. अशी नळी हळूहळू गळत असेल तर दैव बलवत्तर. बहुधा ती फुटते ते सर्वांत जोराने ब्रेक दाबला जातो त्या क्षणी, म्हणजे नेमकी गरज असताना. जुन्या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच जाळ्यावर चालत. एक नळी गेली की चारही चाके मोकळी. कार्लेखिंडीच्या किंवा कशेडी घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी जागा चाकांच्या झोळणीचे, म्हणजे सस्पेन्शनचे, आधार जेथे पत्र्याला जोडलेले असतात ती. तिसरी जागा सिल आणि तळाच्या उभ्या-आडव्या पेट्या. गाडीची दारे पूर्वीसारखी सहज लागेनाशी झाली, उचलून लावावी लागू लागली, तर बिजागरीला दोष देण्यापूर्वी या पेट्या पाहाव्यात. चौथी जागा आसनांचे आणि सुरक्षापट्ट्यांचे बोल्ट जेथे तळपत्र्यात बसतात ती; पट्टा कितीही मजबूत असला, तरी त्याचा खुंटा सडक्या पत्र्यात रोवलेला असेल तर अपघाताच्या वेळी त्याचा काही उपयोग होत नाही.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते, हे पेणच्या परिवहन कार्यालयात खेपा घालणाऱ्या 'एम. एच. ०६' च्या मालकांना ठाऊक आहे. परंतु ही तपासणी पंधराव्या वर्षी प्रथम येते. किनाऱ्यावरचा गंज पंधरा वर्षे थांबत नाही.

उपचार आणि अपचार

गंज सापडला की पहिला मोह होतो तो झाकण्याचा. लांबी भरावी, वर रंग मारावा, तळाला काळे डांबरी लेपन करावे, झाले. हा उपचार नव्हे, अपचार आहे. जिवंत गंजावर लेप दिला की ओल आत कोंडली जाते, हवा तुटते. आणि इव्हान्सच्या थेंबात पाहिले तसे, हवा तुटलेल्या जागीच लोखंड अधिक झिजते. वरून लेप चकचकीत, आत पोकळी, अशी ती अवस्था होते.

शास्त्रशुद्ध क्रम असा. आधी पाणी कोठून येते तो मार्ग बंद करावा. फाटलेली रबरी पट्टी बदलावी, बुजलेली भोके तारेने मोकळी करावीत. नंतर गंज तारेच्या ब्रशने आणि काचकागदाने लखलखीत पत्रा दिसेपर्यंत काढावा. जेथे पत्र्याला भोक पडले आहे, तेथे सडका भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वितळजोडाने बसवावा. हे काम जाणत्या कारागिराचेच. त्या वेळी बॅटरी सोडवून ठेवावी आणि पेट्रोलच्या टाकीपासून पूर्ण खबरदारी घ्यावी. खाचखळग्यांत उरलेल्या गंजासाठी गंजरूपांतरक द्रावणे मिळतात. त्यांत फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिन असते, आणि टॅनिनने गंज काळा पडतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड टाकून काळी शाई करीत, तिच्यामागचे रसायन हेच. त्यावर जस्तयुक्त किंवा रेड ऑक्साइडचा अस्तररंग, मग वरचा रंग, आणि सर्वांत शेवटी पोकळ पेट्यांत मेणाचा फवारा. हा पातळ मेणाचा लेप सांध्यांत झिरपतो, ओल बाहेर ढकलतो आणि मऊ राहत असल्याने त्याला तडे जात नाहीत. जोडकाम आधी, मेण नंतर; हा क्रम उलटला तर मेण पेट घेते.

कोकणात पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला इंजिनाचे जुने तेल फवारण्याची रीत आहे. तिच्यामागची जाण योग्य आहे. तेलाने पाणी दूर राहते. पण जुन्या तेलात आम्लांश असतो, ते रबरी भाग फुगविते, धूळ धरते आणि पहिल्या सरीत ठिबकून अंगणातल्या मातीत, कालांतराने विहिरीच्या पाण्यात उतरते. जाण तीच ठेवावी, द्रव्य बदलावे. मेण किंवा लोकरीच्या मेदापासून केलेले लेप तेच काम निर्वेधपणे करतात.

नव्या गाड्यांना हे सारे कशाला, असे काहींना वाटेल. अलीकडच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो आणि सारा सांगाडा विद्युतलेपनाच्या हौदात बुडवून काढलेला असतो. त्यामुळे गंज लांबतो, टळत नाही. उलट, चाकांच्या कमानींतील प्लॅस्टिकच्या अस्तरांमागे चिखल साचला तर तो अधिकच दिसेनासा होतो.

सणांचे वेळापत्रक

निवारणाचे मुख्य सूत्र सोपे आहे. मीठ धुऊन टाका, ओल साचू देऊ नका, वारा खेळू द्या. पुळणीवर गाडी नेऊच नये. नेलीच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याच्या जोरदार धारेने तळ आणि कमानी धुवाव्यात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणाऱ्या रो-रो बोटीतून २०२० सालापासून कितीतरी मोटारी समुद्रमार्गे प्रवास करतात. अशा प्रवासानंतरही तळ धुणे हिताचे. पुरात किंवा भरतीच्या पाण्यात बुडालेली गाडी सतरंज्या काढून, पेट्या गोड्या पाण्याने आतून धुऊन, पूर्ण वाळविल्याशिवाय मिटवू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावर खारे पाणी वाऱ्याने कोठवर जाऊ शकते, ते सर्वांनी पाहिले आहे. ओली गाडी बंद गॅरेजात कोंडण्यापेक्षा चारी बाजूंनी मोकळ्या मांडवाखाली उभी करणे बरे.

या नियमांना तिथ्यांची जोड दिली तर ते विसरले जात नाहीत. शिमग्याच्या सुमारास हवा कोरडी असते. गंज काढणे, जोडकाम, रंग यांचा तो उत्तम काळ. मृग नक्षत्रापूर्वी निथळभोके मोकळी करून पोकळ पेट्यांत मेण भरावे. नारळी पौर्णिमेला सतरंज्या उचलून ओल पाहावी. गणेशोत्सवात सहकुटुंब, सामानासकट, महामार्गाने जाण्यापूर्वी ब्रेकच्या नळ्या पाहून घ्याव्यात. आणि खंडेनवमीला संपूर्ण पाहणी.

आपल्या शेजारच्या कोळीवाड्याने हे फार पूर्वीच केले आहे. पावसाळ्यात होडी ओढून किनाऱ्यावर घेतली जाते, शाकारली जाते. तिचा तळ घासला जातो, भेगा बुजविल्या जातात, तेल-रंग चढतो आणि मगच नारळ वाहून ती दर्यात लोटली जाते. समुद्राला नारळ अर्पण करणारा नाखवा गळक्या होडीने त्याच्या भेटीला जात नाही. देवावरची श्रद्धा आणि तळाची तपासणी यांत त्याला कधी विरोध दिसला नाही.

तेव्हा यंदा दसऱ्याला झेंडूची माळ अवश्य बांधावी. तिचा केशरी रंग गाडीला शोभतो आणि घरच्या मुलांना आनंद देतो. मात्र ती बांधण्यापूर्वी मुलांनाच हाताशी घ्यावे, एकाला विजेरी धरायला द्यावी, दुसरीला चुंबक फिरवायला सांगावे आणि सतरंजी उचलून आत पाहावे. आपट्याची पाने सोने म्हणून आपण देतो-घेतो. सोन्याला गंज चढत नाही. पण आपल्याला घाटातून सुखरूप घरी आणते ते लोखंड, आणि त्याची विचारपूस वर्षातून एकदा तरी वाकून केली पाहिजे.